फॅटआप्पांचं माप

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात कुणाच्या घरी बारसं असलं की आत्याच्या आधी फॅटआप्पा पाळण्याशी पोचत. आमंत्रणाची त्यांना गरज वाटत नसे. आल्या आल्या तांब्याभर पाणी मागायचं, सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली साबणाची वडी काढायची, अंगणात उकिडवं बसून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि थेट पाळण्याकडे. तिथे आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करण्याच्या बेतात असे. आप्पा तिला बाजूला करत.

"नाव काय पळून चाललंय व्हय? आदी जीभ बघू."

मग करंगळी बाळाच्या जिभेखाली. बाळ भोकाड पसरे, आजी त्याच्या वरताण आवाज काढे, आणि आप्पा मान हलवून जाहीर करत, "मोकळी हाय. चालू द्या." बाळाचं नाव काय ठेवलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पेढा घेऊन ते चालू लागत.

लोक म्हणत, म्हातारं सरकलंय. मीही म्हणायचो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असल्यामुळे माझ्या म्हणण्याला गावात जरा वजन होतं.

आप्पा स्वतः काडीसारखे. फॅट हे त्यांचं वर्णन नव्हतं, तो हुद्दा होता. गावच्या दूध डेअरीवर त्यांनी जन्मभर फॅट काढली. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, ॲसिड टाकायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं आणि वर किती स्निग्धांश तरंगला ते उजेडाकडे धरून वाचायचं. वाचून झालं की ते म्हणत, "आपलं माप चुकत न्हाई." या एका वाक्यापायी निम्म्या गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. उरलेल्या निम्म्यांकडे म्हशी नव्हत्या.

एकदा एका वजनदार पुढाऱ्याच्या घरचं दूध पातळ निघालं. पुढारी स्वतः डेअरीवर आले. "आप्पा, देवाशपथ, थेंबभर पाणी घातलं न्हाई मी."

"तुमी न्हाई घातलं," आप्पा म्हणाले. "मग म्हशीनं घातलं आसंल. घरी जाऊन तिला इच्यारून या."

रिटायर झाल्यावरही लॅक्टोमीटर खिशातच असे. लग्नघरी आचाऱ्याने दुधाचं पातेलं उघडलं की आप्पांची काचेची नळी त्यात पडलीच. चहा कसा आहे हे पाहुणे पिऊन ठरवत, आप्पा तो उकळायच्या आत ठरवत. हे सगळं गावाच्या अंगवळणी पडलं होतं. जिभेचं वेड मात्र नवं होतं, दोनेक वर्षांतलं, आणि ते कुठून लागलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

अशात आमच्या घरी मुलगी झाली. सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, आई हयात नव्हती. त्यामुळे बाळंतपण माहेरी केंदूरला न होता आमच्याच घरी झालं. तिसऱ्या दिवशी सुनंदा मला म्हणाली, "अहो, ती धरतच नाही. तोंडात घेते आणि सुटते. मला फार दुखतंय." मी म्हणालो, शिकेल हळूहळू. वर्गातल्या ढ मुलांबद्दलही मी हेच म्हणत असे, आणि पुढे काही करत नसे.

आठवड्याभरात पोरीच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या. रडून रडून ती पेंगायची, उठली की पुन्हा रडायची. घरात बायकांचं सल्लागार मंडळ बसलं. अध्यक्षस्थानी माझी आई, प्रमुख पाहुण्या शेजारच्या शकूमावशी.

"दूधच पानचट हाय हिचं," आईने निकाल दिला.

"केंदूरची ना पोर?" मावशींनी शास्त्रीय कारण पुरवलं. "तितं मानसांना प्यायला पानी न्हाई, लेकींच्या अंगाव दूध कुठनं येनार?"

हा सिद्धान्त एकमताने मंजूर झाला. सुनंदाला अळीव, डिंक, मेथी, शतावरी असं सगळं कोंबण्यात आलं. तिचं वजन वाढलं, पोरीचं घटलं. शेवटी आईला कल्पना सुचली. "फॅटआप्पाला बोलीव. दुधाला माप लावू दे त्याला, म्हंजी कळंल तरी."

आणि मी, हायस्कुलातला विज्ञानाचा शिक्षक, चपला घालून निघालो. दारातून मागे पाहिलं तेव्हा सुनंदा माझ्याकडे बघत होती.

आप्पा गोठ्यात शेळीला पाला घालत होते. मी चाचरत म्हणालो, "आप्पा, जरा दूध तपासायचं होतं."

"कुनाची म्हस?"

"म्हैस नाही. आमच्या घरातलं. बाळंतिणीचं."

आप्पांच्या हातातला पाला तसाच राहिला. मग म्हणाले, "सर, तुमी इद्न्यान शिकविता ना?"

"हो."

"मंग पोरांची कीव येती मला. बाईच्या दुधाला माप लावायचं नसतं. वासरू पीत नसलं तर मानूस आदी वासराचं तोंड उघडून बघतो, गाईला काठी मारीत न्हाई. चला."

घरी येऊन त्यांनी हात धुतले आणि रडणाऱ्या पोरीची हनुवटी अलगद खाली केली. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. रडताना जीभ वर उचललीच जात नव्हती. तिचा शेंडा मधे ओढला जाऊन पत्त्यातल्या बदामासारखा दिसत होता, आणि खाली एक बारीक पांढरी तार थेट शेंड्यापर्यंत गेलेली. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर मी डोळे मिटून काढत असे. पोटच्या पोरीच्या जिभेखाली डोकावायचं काही सुचलं नव्हतं.

सल्लागार मंडळाची तातडीची बैठक भरली. जीभ सोडवण्याचे इतके उपाय गावात आहेत याची मला कल्पना नव्हती. शकूमावशी म्हणाल्या, वेखंड मधात उगाळून लावा, तार गळून पडते. आई म्हणाली, पारू सुईणीला बोलवा, ती नखानेच तोडते. आप्पा म्हणाले, "पारूच्या नखात निम्मं रान हाय." माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की पुण्याला न्यावं, वर्ष झाल्यावर पुरती भूल देऊन करतात. पोरीने तोवर काय खावं हे त्याने सांगितलं नाही. डब्याचं दूध सुरू करा, हे तर प्रत्येकजणच म्हणत होता. पण सर्वांत पुढारलेला विचार माझ्या चुलत्यांचा होता. ते म्हणाले, "सुटली तर सुटली. पोरीची जात हाय, जरा कमी बोलली तर काय बिघडतंय?"

"उद्या सकाळची जीप," आप्पा मला म्हणाले. "शिरूरला डाक्तरीन हाय."

जीपमध्ये चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि आम्ही. सुनंदाच्या शेजारी आप्पा असे बसले होते की कुणाचा कोपर पोरीला लागू नये. दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "तार हाय. कापून टाका."

बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी आम्हा दोघांना पडद्याबाहेर काढलं आणि सुनंदाला म्हणाल्या, "आधी पाजताना दाखवा." पंधरा दिवसांत तिला काही दाखवायला सांगणारं हे पहिलं माणूस.

नंतर बाहेर येऊन त्यांनी आम्हाला समजावलं. "सगळ्याच तारा कापायच्या नसतात. पुष्कळ मुलं ती घेऊनच मजेत पितात. पोरीला कसं धरायचं ते मी यांना शिकवलंय. चार दिवस तसं पाजा, वर यांचंच दूध काढून वाटी-चमच्याने द्या. मग वजन बघू. आणि मध, वेखंड काही लावलंत तर मला तोंड दाखवू नका."

आप्पा चिडले. "बाई, आमी सांगतो ना. आपलं माप..." एवढं म्हणून ते मधेच थांबले आणि खिडकीकडे बघू लागले. त्यांचं ते वाक्य अर्धवट राहिलेलं मी प्रथमच ऐकलं.

घरी सुनंदाने दूध काढलं तेव्हा वाटी भरली. काठोकाठ. आईने ती पाहिली आणि अंगणात काहीतरी काम आठवल्यासारखी निघून गेली.

चार दिवसांनी पुन्हा शिरूर. वाटीच्या दुधाने पोरगी जरा टवटवीत झाली होती, पण अजूनही धरत नव्हती, सुनंदाचं दुखणंही कमी नव्हतं. बाई म्हणाल्या, आता कापू. एका नर्सने डोकं धरलं, बाईंनी जीभ उचलली, लहानशी कात्री आत गेली नि बाहेर आली. फळ्यावर तारीख लिहायला मला याहून जास्त वेळ लागतो. रक्ताचे दोन थेंब आले. पोरगी किंचाळली आणि लगेच तिला सुनंदाच्या कुशीत दिलं. पडद्यामागचं रडणं थांबलं. मग आतून हुंदका आला आणि सुनंदाचा आवाज, "ओढतेय हो. ओढतेय."

पुढेही आठवडाभर तिला शिकावं लागलं, जादू वगैरे काही झाली नाही. पण मला त्या क्षणी रडू आलं. आप्पा तर केव्हाच बाहेर जाऊन उभे राहिले होते.

परतीच्या जीपमध्ये सुनंदा आणि पोर दोघी झोपल्या. मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

ते उसाच्या शेतांकडे बघत सांगू लागले. त्यांचा धाकटा मुलगा दौंडला रेल्वेत होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बाळाचं हेच झालं. तिथल्या डॉक्टरने तार दाखवली, कापली, आणि आप्पांना विचारलं, घरात आधी कुणाला होती का? असं घराण्यात येतं.

"मी न्हाई म्हनलो," आप्पा म्हणाले. "खोटं बोललो. आमची पैली पोर. रडली की तिचीबी जीब अशीच बदामासारकी दिसायची. ध्यानात हाय माज्या."

"मग?"

"मग काय. पीत न्हवती. समदे म्हनले दूध वाईट हाय. मी डेअरीवाला. हिचं दूध नळीत घेतलं आन् फॅट काढली. म्हशीचं माप लावलं, सर. म्हशीचं. म्हशीला सा-सात लागती, हिला दीड लागली. घरी येऊन सांगितलं, पानी हाय नुसतं. मग म्हशीचं दूध पाजलं पोरीला. हगवन लागली तिला. चाळीस दिसाची हुती, गेली तवा."

खड्डा आला तसा आप्पांनी झोपलेल्या पोरीच्या डोक्यामागे हात धरला.

"मागनं दोन ल्योक झालं. हिनं लई पदर पसरला. पन आमी एकालाबी अंगाव पिऊ दिलं न्हाई. शेळीच्या दुधाव वाढिवलं."

"काकूंना सांगितलंत का? दौंडहून आल्यावर?"

आप्पांनी खिशातली साबणाची वडी काढली, कागद उलगडला, पुन्हा गुंडाळला.

आमचं बारसं लांबलं, ते सव्वा महिन्याने झालं. आप्पा आले आणि त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, हिराकाकूही आल्या. काकू कुणाच्या बारशाला जात नसत. खरं म्हणजे त्यांना कुणी बोलवतच नसे. जिचं दूध पोटच्या पोरीला बाधलं, तिची सावली पाळण्यावर नको, असं गावाने परस्पर ठरवून तीस वर्षं झाली होती. त्यांना बघताच आई पाळण्याच्या आड आली. सुनंदा उठली, आईच्या बाजूने हात घालून तिने पोरीला उचललं आणि काकूंच्या मांडीवर ठेवलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

आप्पा हात धुऊन उंबऱ्याशी आले, पण आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "नाव ठिवायच्या आदी येक सांगायचंय." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, डेअरीवर फॅट सांगत तसा. "आमच्या पोरीची जीब चिकाटल्याली हुती. हिचं दूध चांगलं हुतं. माप चुकलं माजं."

काकूंनी वर पाहिलं नाही. पोरीच्या टोपड्याची नाडी त्या सारखी करत होत्या.

"मला तवाच ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "रोज सांगत हुते, पोर वडीतच न्हाई म्हनून. तुमी दुधाला इच्यारलं. मला कुनी इच्यारलंच न्हाई."

आप्पांनी मान खाली घातली. मीही घातली. तिसऱ्या दिवशी सुनंदाने मलाही हेच सांगितलं होतं.

तेवढ्यात पोरगी चुळबुळली, तोंड इकडेतिकडे वळवून रडू लागली. काकूंनी तिला छातीशी धरलं, क्षणभर तशीच ठेवली, आणि मग सुनंदाच्या हातात दिली.

"घे बाई, भुकेजलीय," त्या म्हणाल्या. "पाज तिला. चांगलं हाय दूध तुजं."