निंबाच्या सावलीतल्या मेंढ्या

पुंजाजींनी खतासाठी मेंढ्या बसवल्या आणि त्या रात्रभर बसल्या शेजारच्या शेषरावांच्या वावरात. डोणगावच्या शिवारात त्या उन्हाळ्यात यापेक्षा मोठं संकट कुणावर आलं नाही.

महाराष्ट्र नुकता झाला होता. सरकारी माणूस पांढरं खत घ्या म्हणून गावोगाव फिरत होता. पुंजाजींचा विश्वास मात्र लेंड्यांवर. त्यातून लेकीची सोयरीक सोनाळ्याच्या पंजाबरावांकडे जुळत आलेली. पंजाबरावांनी निरोप धाडला होता, "हुरड्याले येतो. वावर पाह्यतो, मंगच सुपारी फोडू."

शेषरावांच्या आधी कळप गाठायचा, या घाईत पुंजाजींनी कचरू धनगराला रस्त्यातच सांगितलं, "निंबाखालचं वावर!" निंब होता दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, सामाईक बांधावर. कचरू संध्याकाळी आला, तेव्हा सावली शेषरावांकडे पडली होती. त्याने रीतसर सावलीतलं वावर धरलं.

"खत माह्यं हाये, शेषरावभाऊ!"

"मंग न्या नं उचलून. मी कुठी नाही म्हन्तो?"

लेंड्या वेचता आल्या असत्या, पण मूत मुरलं होतं. पुंजाजींनी विचार करकरून तोड काढली. यंदापुरती वावरंच बदलायची!

त्यांच्या बायकोने, जनकाबाईंनी, कपाळाला हात लावला. "काऊन हो, डोकं फिरलं काय? आपल्या वावरात हरभरा व्हता. त्याच्या बेवडावर ज्वारी कशी जोमात येते! आन् ते तर सालोसाल ज्वारीवर ज्वारीच पेरून राह्यले."

"मंग खत सोडून देऊ काय?"

शेषराव लगेच कबूल झाले. वावरं बदलून पेरणी झाली आणि पावसाळा सरला. शेषरावांची ज्वारी हरभऱ्याने कसदार केलेल्या आयत्या बेवडावर पुरुषभर वाढली. पुंजाजींच्या ज्वारीच्या मुळांना टारफुल्याचं तण चिकटलं आणि त्याने तिचा जीवच शोषला. मेंढ्या बिचाऱ्या काय करणार!

पंजाबराव दारात उभे राहिले, तेव्हा पुंजाजींनी शेषरावांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

"पोरगी मलेबी लेकीवानीच हाये," शेषराव म्हणाले. "चला, तुमच्याच वावरात बसवू पाह्यन्याले."

हुरडा तोंडात पडताच पंजाबराव खुलले. "व्वा! वावर तुमचंच नं?"

"बापजाद्याचं," पुंजाजी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं.

"आन् थे पलीकडचं? टारफुल्याचं?"

पुंजाजी हातातल्या हुरड्यावरचा भुसा फुंकू लागले.

"माह्यं," शेषराव म्हणाले. तेही खरंच होतं.

सुपारी फुटली. जाताना पंजाबरावांनी शेषरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. आमच्या व्याह्याचं पाहून शिका जरासं. पुढच्या साली मेंढ्या बसवा."

"बसवल्या व्हत्या," शेषराव गंभीरपणे म्हणाले.

"मंग गेल्या म्हना वाया!"

"हाव. पार वाया गेल्या."

पुंजाजी खाली मान घालून कणसं चोळत राहिले.