चिमूटभर भुसा

नागनाथअप्पांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतो, चष्मा नसतो, गव्हाचा भुसा असतो. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी ते ओट्यावर उभे राहतात, चिमूटभर भुसा डोक्याच्या उंचीवरून सोडतात आणि तो कुठे पडतो ते बघतात. सरळ पायाशी पडला तर निघतात. वाऱ्याने उडवला तर चपला काढून परत घरात. चाकुरात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. ते किती वाजता उघडतं हे त्यामुळे खुद्द अप्पांनाही सांगता येत नाही.

"हवा बगून निगावं, गुरुजी," हे त्यांचं पालुपद. मी त्यांचा शेजारी, प्राथमिक शाळेतला मास्तर. सोळा वर्षं हे ऐकतो आहे. उदगीरला सख्ख्या मेव्हण्याचं लग्न होतं, तेव्हा अप्पा नवा फेटा बांधून सकाळपासून ओट्यावर भुसा सोडत बसले. वारं पडलं दुपारी. उदगीरला पोचले तेव्हा मांडववाले मांडव सोडत होते. "जाऊ द्या, भिजलो तर न्हाई," एवढंच म्हणाले. महिना मार्गशीर्षाचा होता.

अशा माणसाच्या पोटी शिवलीला जन्मली. लातूरच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे आणि सुट्टी लागली की डोंगर चढत सुटते. गेल्या वर्षी तिने घरी सांगितलं की नेपाळात आठ हजार मीटरच्या शिखरावर जायचं आहे. अप्पा आता अंथरूण धरतात असं मला वाटलं. पण लीला बापाला पुरती ओळखून होती.

"अप्पा, तिथं पायथ्याला तंबू ठोकून बसतेत. हवा चांगली झाल्याबिगर कुनी वर पाऊल टाकत न्हाई. महिना-महिना बसून ऱ्हातेत."

अप्पांचा चेहरा खुलला. "म्हंजे शहानी मानसं हायत की!"

एवढी हवा बघणारी माणसं वर कशाला जातील, असा त्यांनी स्वतःपुरता अर्थ लावला. पोरगी महिनाभर तंबूत बसेल आणि परत येईल. मोठ्या खुशीने त्यांनी परवानगी दिली, वर शेंगाचटणीचा डबा बांधून दिला.

मे महिन्यात लीला तिकडे तंबूत बसली आणि इकडे माझा छळ सुरू झाला. शिखरावरचं वारं मोबाइलवर दिसतं असं मी एकदा बोलून गेलो, तेवढंच निमित्त झालं. रोज सकाळी सहाला माझ्या दाराची कडी वाजायची. "गुरुजी, वरचं बगा." मी डोळे चोळत वाचायचो. ताशी सत्तर. ताशी ऐंशी. अप्पा मान डोलवून परत जायचे. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. असे सतरा दिवस. बिचारा खचत चाललाय असं मला वाटायचं, पण खरं सांगायचं तर खचलो मी होतो. वीज गेलेली, बनियन अंगाला चिकटलेला, आणि मी बर्फावरचं वारं वाचतोय. ती पोर एकदाची वर जाऊन यावी आणि मला सहाच्या पुढे झोपू द्यावं, याहून माझं काही मागणं उरलं नव्हतं.

अठराव्या दिवशी आकडा उतरला. परवा पहाटे वीस, तेरवा पंचवीस, मग पुन्हा नव्वद. त्या दिवशी मीच अप्पांच्या घरी धावलो. अप्पा जमिनीवर बसले होते. समोरचं देवघर रिकामं होतं, आणि खाली पितळी घंगाळात महादेवाची पिंड, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे पाण्याखाली. मोठं संकट आलं की आमच्याकडे देव पाण्यात ठेवतात आणि मागणं पुरं होईस्तोवर बाहेर काढत नाहीत. मला एकदम भरून आलं.

"अप्पा, ऐकलं की देवांनी! परवा वारं पडतंय!"

अप्पा पाण्याकडे बघत राहिले. "कुटं ऐकलं, गुरुजी. म्या उलटं मागितलं व्हतं."

"उलटं?"

"वारं पडू देऊ नगं म्हनलो. वारं ऱ्हायलं की पोरगी तशीच खाली येती. तिची माय गेली, आता ह्या घरात दुसरं कोन हाय?"

म्हणजे सतरा दिवस ऐंशीचा आकडा ऐकून हा माणूस समाधानाने घरी जात होता, आणि मी त्याची कीव करत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला, मी तो अप्पांच्या हातात दिला. पडद्यावर लीला होती, चेहरा करपलेला, ओठ फुटलेले. "अप्पा, परवा वारं पडायलंय म्हनायलेत. ही एकच संधी हाय, न्हाईतर सामान बांदून माघारी. लई थकले बसून बसून. निगू का? हवा बगून सांगा."

तिच्याजवळ वाटाडे होते, यंत्रं होती, आणि ती चाकूरची हवा विचारत होती. अप्पांनी एकदा 'न्हाई' म्हटलं असतं तर ती उतरली असती. हे त्यांना ठाऊक होतं.

"थांब," ते म्हणाले. फोन माझ्या हातात देऊन ओट्यावर गेले. मी मागोमाग. त्यांनी खिशातून चिमूट काढली, हात उंच केला आणि सोडली. बाहेर मे महिन्याचं वारं सुटलेलं. भुसा उडाला तो थेट माझ्या चष्म्यावर आला.

अप्पांनी फोन घेतला. "सरळ पायाशी पडला, बाई. जा तू."

मग ते आत गेले. घंगाळातून एकेक देव काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले. पुसून झालेला पुन्हा पुसत होते.

"राहू द्या अप्पा, वाळतील आपोआप," मी म्हणालो.

"न्हाई, गुरुजी. आता ह्यांन्ला तिच्या संगं वर जायचं हाय. वल्ल्या अंगानं थंडीत कसं धाडू?"