ओल्या शाईवरील स्वारीची हकीकत

श्री बिरोबा समर्थ. श्रोतेजनांनी हात धुवोन, पुसोन, पूर्ण कोरडे करोन मगच हे पान हाती धरावे, ही पहिली विनंती. कारण पुढे कळोन येईल. तासगाव कसब्यात शाईने कागदावर चाल केली, आणि कागदाने कागदास दगा दिला, आणि त्या धामधुमीत एक चांगला चालता संसार पुण्याच्या वाटेस लागता लागता राहिला, त्याचे साद्यंत वर्तमान कोणी मर्दाने लिहून ठेविले नाही, सबब लिहिणे प्राप्त जाहले. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर तिखटमीठ, तेही सांगली प्रांतीच्या भडंगास लागते तितकेच.

तासगावी बसस्थानकाच्या पिछाडीस राजश्री नानासो यांचा छापखाना. त्यात एक ऑफसेट यंत्र, वयोवृद्ध, तेल पाजल्याविना जागचे न हलणारे. आणि त्या यंत्राचे सरनौबत नानासोंचे चिरंजीव शंभूराज, तेही चहा पाजल्याविना जागचे न हलणारे. एके काळी पंचक्रोशीतील दरोबस्त लग्नपत्रिका याच तख्तावरून निघत. मग फ्लेक्सवाले आले, मग मोबाइलवरील फुकटची निमंत्रणे आली, आणि मुलूख हातचा जात जात अखेरीस एकच ठाणे उरले, ते बिरोबाच्या वाडीच्या जत्रेची पत्रिका. कागद चकचकीत, आरशासारखा; पुढल्या अंगास देवाचा फोटो आणि कुस्त्यांचे मैदान, मागल्या अंगास अध्यक्षांचा फोटो, आणि अध्यक्ष, उपाध्यक्ष, मानकरी, सौजन्य, शुभेच्छुक आणि ‘समस्त मित्रमंडळ’ यांची नावे, इतकी की देवास स्वतःचे नाव घालावयास जागा कमी पडे.

त्या पत्रिकेचा गतसाली घात जाहला. ओल्या पत्रिका एकीवर एक रचिल्या, आणि वरचीची शाई खालचीस लागली, आणि खालचीची वरचीस, आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष राजश्री बिराप्पा यांच्या कपाळी कुस्त्यांचे मैदान उलटे उमटले. उपाध्यक्षांचे नाव तर ऐसे फरकाटले की त्यांचे त्यांसही ओळखू येईना. तेव्हा बिराप्पा भर छापखान्यात उभे राहोन बोलिले, “नाना, माजं त्वांड काळं केलंस गड्या. फुडल्या साली येक जरी पत्रिका फरकाटली, तर काम सांगलीला जाईल. सांगून ठिवतो.”

नानासो मानी पुरुष. त्यांनी त्याच पावली जाहीर केले की पुढील साली अपयश आले तर यंत्र भंगारात घालीन, आणि शंभूराजांस पुण्यास कंपनीत धाडीन, तेथे चुलतभावाने खोलीत एक कॉट राखून ठेविलीच आहे. पुरुषांनी प्रतिज्ञा करावी आणि ती निभावण्याची काळजी घरच्या सुनेने वाहावी, हा रिवाज फार जुना.

ती सून म्हणजे सौभाग्यवती क्रांतीबाईसाहेब. रहिमतपूरच्या सुभेदारांची कन्या (ही सुभेदारी फौजेतली, पेन्शनसह, बखरीतली नव्हे), साताऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या. ती पदवी सासरी आल्यावर हळद भेसळीची की अस्सल, इतके पाहण्यास उपयोगी पडली. स्वभाव काळजीचा. गॅस बंद केला की नाही हे पाहण्यास अर्ध्या वाटेतून परत येत. बाळ शिंकले तर थर्मामीटर, बाळ न शिंकले तर ‘आज शिंकले कसे नाही’ म्हणोन पुन्हा थर्मामीटर. हे बाळ म्हणजे युवराज मल्हारराव, वय दहा महिने. ते पाळण्यात झोपत नसत, आईपाशी झोपत नसत, फक्त बापाच्या शाईने माखलेल्या खांद्यावर मान टाकोन झोपत. तो खांदा पुण्यास गेला तर काय, हा विचार मनी आला की बाईसाहेब झोपलेल्या बाळासही थर्मामीटर लावीत. कमिटीची अब्रू, नानासोंची प्रतिज्ञा, हे सर्व थोरांचे विषय. त्यांचा विषय तो खांदा.

भाद्रपद लागला, आणि काम आले, आणि हवा ऐसी दमट की दोरीवरचे लंगोट सुकेनात, तेथे शाईची काय कथा. पहिली मसलत शंभूराजांची. त्यांनी मंडपवाल्याकडून लग्नकार्यातला मोठा पंखा आणविला, आणि तो पत्रिकांच्या गठ्ठ्यासमोर मांडिला, आणि ‘आता बघाच’ म्हणोन बटण दाबिले. लोकांनी पाहिले. निम्मी फौज एका क्षणात दाराबाहेर गेली. काही पत्रिका गटारात धारातीर्थी पडल्या, काही रसवंतीच्या छपरावर चढल्या, आणि एक विटा गाडीत शिरोन बिनतिकीट विट्यास गेली.

दुसरी मसलत खाशा नानासोंची. ओल्या पानांमध्ये पावडर भुरभुरावी, म्हणजे पान पानास चिकटत नाही, ही छापखान्याची जुनी विद्या, आणि विद्या खरीच. परंतु कारखान्याची पावडर संपलेली. मग नानासोंची नजर घरात गेली, आणि मल्हाररावांचा पावडरचा डबा जप्त जाहला.

“मामा, ती बाळाची आहे हो!” बाईसाहेब सासऱ्यांस बोलिल्या.

“मग? पत्रिका बी लेकरावानीच की गं. तिला बी लाव थोडी.”

थोडी कसली, आख्खा डबा रिता केला. दोन बोटांच्या चिमटीने घालावयाची वस्तू नानासोंनी वैरण टाकावी तैसी टाकिली. छापखान्यात धुके दाटले. देवाच्या फोटोवर बर्फ पडोन बिरोबा काश्मिरास गेल्यासारखे दिसो लागले, शाई आणि पावडर मिळोन राखाडी लगदा जाहला, आणि मल्हारराव ऐसे शिंकले की बाईसाहेबांनी बाळास पदराखाली घेवोन मागल्या दाराने पलायन केले.

मागल्या दाराशी शेजारी लालासाहेब यांचे बेदाण्याचे शेड. हंगाम कधीच सरलेला, सबब शेड ओस. वर पत्रा, बाजूस उघडे, आत एकावर एक मजले बांधलेल्या जाळ्या, आणि तळाशी सावलीस दोन शेळ्या रवंथ करीत बसलेल्या. बाळाचे नाक पुसता पुसता बाईसाहेबांची नजर त्या जाळ्यांवर गेली आणि तेथेच ठरली. द्राक्ष येथे पसरतात, रचत नाहीत. एका घडावर दुसरा घड कोणी ठेवीत नाही. वरून वारा, खालून वारा, आणि माल आपोआप सुकतो. जे द्राक्षास साधते ते कागदास का साधू नये?

परंतु सुनेने सासऱ्यास छपाई शिकवावी हा रिवाज नाही, सबब ही मसलत शंभूराजांच्या कानी घातली. कानात शिरोन मुखातून बाहेर पडेतो ती शंभूराजांचीच जाहली. “आबा, मला येक आयडिया आलीया,” ऐसे ते बोलिले, आणि नानासोंनी त्यांची पाठ थोपटून ‘शेवटी माजाच लेक’ ऐसे उद्गार काढिले. बाईसाहेब तेव्हा शेळ्यांस हुसकीत होत्या.

लालासाहेबांनी शेड दिले, अट इतकीच की शुभेच्छुकांत आपले नाव पडावे. पडले. मग यंत्र पुन्हा चालले, आणि पत्रिका ताटातून पापड न्यावे तैशा अलगद नेल्या, आणि जाळ्यांवर रद्दी अंथरोन एकेक सुटी मांडली. पान पानास शिवेना. शाई पाठीस उमटेना. शंभूराजांनी मिशीस पीळ दिला.

परंतु घटका दोन घटका गेल्यावर पाहतात तो पुन्हा फरकाटलेल्या पत्रिका! नानासो कपाळ धरोन बसले, आणि पुण्याच्या चुलतभावास फोन लागला, आणि कॉट अद्याप मोकळी आहे हे वर्तमान आले.

बाईसाहेब मात्र बाळ कडेवर घेवोन त्या जाळ्यांजवळोन फिरल्या आणि पाहो लागल्या. वरच्या मजल्यावरची एकही पत्रिका बिघडली नव्हती. तळच्या मजल्यावरचीही नाही. बिघडल्या त्या सर्व मधल्या, जेथे उभ्या माणसाचा हात सहज पोचतो. आणि बिघाड कोठे? फोटोवर नाही, कुस्त्यांवर नाही. नावांवर. मग त्या शेडच्या खांबाआड उभ्या राहिल्या आणि मल्हाररावांच्या मुखी बिस्कीट दिले, म्हणजे दगाफटका होवो नये.

थोड्याच वेळात नानासोंची स्वारी आली. हात पाठीशी, चाल सावकाश, चर्येवर चिंता. एका पत्रिकेपाशी थांबले. तळाशी ‘मुद्रक: नानासो’ ऐसी ओळ होती. उजव्या हाताचा अंगठा पुढे आला, त्या ओळीवर टेकला, आणि हलकेच घासला.

“वलीच हाय अजून,” ऐसे पुटपुटोन त्यांनी अंगठा विजारीस पुसला आणि पुढल्या पत्रिकेकडे गेले.

सुकली का हे पाहण्यास अंगठा लावावा, अंगठा लावावा म्हणोन फरकाटावी, फरकाटली म्हणोन ओली ठरावी, आणि ओली ठरली म्हणोन पुन्हा येवोन अंगठा लावावा, ऐसे हे चक्र. त्यांचे मागोमाग लालासाहेब आले, त्यांनी शुभेच्छुकांत आपले नाव हुडकोन काढिले आणि त्याजवर अंगठा फिरविला. नाव छापले की ते डोळ्यांनी वाचून या मुलखात कोणाचे समाधान होत नाही. हात लावोन पाहावे लागते. गतसालच्या उपाध्यक्षांचे नाव कोणी फरकाटले, हेही आता उघड जाहले. त्यांचे त्यांनीच.

शत्रू सापडला, परंतु तो घरचा धनी. “तुम्हीच सांगा ना मामांना, हात लावू नका म्हणून,” ऐसी विनंती त्यांनी शंभूराजांस केली.

शंभूराज, ज्यांनी एवढे यंत्र ताब्यात ठेविले, ते दोन पावले मागे सरले. “मी? आबांस्नी? त्यापरीस पुण्याला जातो की गं.”

येणेप्रमाणे पुरुषार्थाचा मार्ग खुंटला, तेव्हा बाईसाहेबांनी युवराजांस रणात उतरविण्याचे ठरविले. आधी चिलखत: शाई मुखात जावो नये म्हणोन दोन्ही हातांत मोजे, गाठ मारोन, पुन्हा ओढोन पाहिले, पुन्हा गाठ. मग नानासो शेडकडे निघताच त्या सामोऱ्या गेल्या आणि बोलिल्या, “मामा, बाळाला जरा घ्या. माझं दूध उतू जातंय.”

नानासोंनी नातू घेतला. मल्हारराव अंगाने भरलेले आणि स्वभावाने मासोळी. एक हात सोडावा तर दुसऱ्या हातातून सटकोन भुईवर उडी. सबब दोन्ही हात गुंतले. नानासो जाळ्यांमधून फिरले, मुद्रकाच्या ओळीपाशी थांबले, अंगठा शिवशिवला, आणि तितक्यात युवराजांनी मोजा घातलेल्या हाताने आजोबांचे नाक धरिले. आजोबा हसले आणि पुढे गेले. त्या दिवशी त्या घरात दूध इतक्या वेळा उतू गेले की विजयमालाबाई, म्हणजे सासूबाई, कळवळोन बोलिल्या, “आगं, म्हस आटली की आपली, तरी उतू काय जातंया?”

बाईसाहेब तोवर ते दूध पाहावयास आत गेल्या होत्या.

तिसऱ्या प्रहरी दूत आला की बिराप्पा समस्त मानकऱ्यांसह पत्रिका पाहावयास येत आहेत. शाई वरून सुकली, आतून अद्याप कच्ची. आणि येणाऱ्यांत ज्याचे नाव छापलेले नाही ऐसा एकही नाही. म्हणजे जितके मानकरी तितके अंगठे. बाळ एक, ते सर्वांस कैसे पुरावे? मग बाईसाहेबांनी दुसरा सरंजाम केला. शेडमधील स्टूल, पेटी, टेकावयास जे जे होते ते ते बाहेर काढविले, आणि चहा ठेविला, आणि ग्लास दडवोन ठेवणीतल्या कपबशा काढिल्या, आणि कप काठोकाठ भरिले, इतके की बशीत हिंदकळावेत.

मानकरी आले. एकेकाच्या एका हाती कप, दुसऱ्या हाती बशी. ठेवावे कोठे? जाळीवर ठेवावे तर चहा अध्यक्षांच्या फोटोवर. बिराप्पांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, बशीत ओतोन फुरका मारिला, आणि अखेर कमरेत वाकोन नाक पत्रिकेस लागेल ऐसे आपले नाव, जन्मात प्रथमच, डोळ्यांनी वाचिले.

“नाव बरूबर हाय. फोटू बी. पर वलं न्हाई न्हवं?”

“आवं बिराप्पा, च्या घ्या की आनी,” ऐसे नानासो नातवास सावरीत बोलिले, आणि बाईसाहेबांनी रिता कप पुन्हा भरिला. मानकरी चहा पीत गेले, शाई सुकत गेली. कोणी ‘पुरे’ म्हणे, त्यास भडंग दिले. त्याने तर दोन्ही हात अधिकच गुंतले. अंधार पडो लागला तेव्हा बाईसाहेबांनी पदराआडून एक पत्रिका चाचपली, कोपऱ्यावर, जेथे कोणाचेच नाव नव्हते, आणि मान हलविली. मग कपबशा गोळा केल्या.

अंगठे मोकळे जाहले आणि पत्रिकांवर तुटोन पडले. घासले, पुन्हा घासले. अक्षर हलले नाही.

“नाना,” बिराप्पा बोलिले, “औंदा काम लय झ्याक केलंस गड्या. आता काम कुटं जात न्हाई, हितंच.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुण्यास फोन गेला की कॉट दुसऱ्या कोणास द्यावी. मल्हारराव त्या दिवशी बापाच्या खांद्यावर ऐसे झोपले की मोजे काढिलेले त्यांस कळले नाही. जत्रेत नानासोंस फेटा आणि शाल, शंभूराजांस अकलेबद्दल नारळ, लालासाहेबांस औदार्याबद्दल नारळ. चहा जरा फुळकवणी होता, ऐसी नोंद मानकऱ्यांनी केली. बाईसाहेबांबद्दल एवढीच.

जत्रेनंतर कमिटीने आभारपत्रक छापावयास दिले. त्याचा मजकूर नानासोंनी स्वतः कॉम्प्युटरवर बसोन, एका बोटाने, कोणास जवळ न येवो देता जुळविला. पत्रके जाळ्यांवर पसरली, आणि बाईसाहेब सवयीने पाहणीस गेल्या, हात पाठीशी, चाल सावकाश. तळाशी ओळ होती: ‘मुद्रक: नानासो. छपाई देखरेख: सौ. क्रांती शंभूराज.’

त्या थांबल्या. एकदा वाचिले. पुन्हा वाचिले. मग उजव्या हाताचा अंगठा, त्यांस न विचारता, पुढे आला आणि त्या ओळीवर टेकला आणि हलकेच घासला गेला.

पाठीमागे खाकरल्याचा आवाज जाहला. नानासो उभे होते, मल्हाररावांस घेवोन. बाळाच्या दोन्ही हातांत मोजे, गाठ मारलेले. त्यांनी फरकाटलेले नाव पाहिले, काळा अंगठा पाहिला, आणि बाळ सुनेच्या दोन्ही हातांत दिले.

“धर जरा ह्याला,” ते बोलिले. “माजं दूध उतू जातंय.”

या मोहिमेत एक पत्रक कामी आले. ते कोणाच्या हातून, हे दप्तरी लिहू नये ऐसा नानासोंचा सक्त हुकूम आहे, सबब लिहिले नाही.