छपरावरील बर्फाशी युद्ध व त्यात कामी आलेले मोजे

बाळगोपाळ हो, आधी डोळे मिटावे आणि एक घर मनात उभे करावे. घर लाकडी, दुमजली, डुलुथ शहराच्या उभ्या चढावर. खाली समुद्राएवढे सरोवर, तेही काठाला गोठलेले. वरून आभाळ इतका बर्फ ओती की अंगणात हरवलेली वस्तू वसंतातच सापडे. आता डोळे उघडावे आणि मजकूर ध्यानी घ्यावा.

त्या घराच्या मालकीण सकळगृहधुरंधर आउनेबाई किवेला तळमजल्यावर राज्य करीत आणि वरचा मजला त्यांनी हार्लन स्कोगन यांस भाड्याने दिला होता. हे हार्लन सरकारी नांगरगाडीने रात्रभर रस्त्यांवरील बर्फ हटवीत आणि दिवसा निजत, आणि कोणी न सांगता घराच्या पायऱ्याही साफ करीत. ऐसा भाडेकरू त्या मुलखी नवसानेही लाभत नाही. त्यांची कन्या टिल्डा रोज शाळेतून थेट आउनेबाईंच्या स्वयंपाकघरी स्वारी करी, वेलदोड्याच्या पावाचा फडशा पाडी आणि अखंड बडबडे. यजमान निवर्तल्यापासून त्या घरी दुसरा आवाज म्हणजे नळाचाच.

ऐसे असता माघ महिन्यात हार्लन टोपी हाती घेऊन दारी उभे राहिले.

"तसं फार काही नाही, काकू. जरासं टपकतंय. कपाळावर."

"कॉफी घे."

"नको, उगाच कशाला."

तिसऱ्या आग्रहाला घेतली, कारण त्या मुलखी पहिल्या आग्रहाला घेणारा हावरट समजला जातो. मग निघता निघता, दाराच्या मुठीशी बोलावे तैसे बोलले, "पुलापलीकडे विस्कॉन्सिनात एक जागा पाहिली. सहज."

मुलांनो, डुलुथचा मनुष्य 'जरासं' म्हणे तेव्हा तट ढासळला समजावे आणि 'सहज' म्हणे तेव्हा सामान अर्धे बांधले समजावे. आउनेबाई हे जाणून होत्या. त्यांनी कपबशी विसळली, पुन्हा विसळली, आणि युद्ध पुकारले.

शत्रू वळचणीला तळ देऊन होता. तेथे बर्फाचा जाड बांध जाहला होता आणि खाली हत्तीच्या सुळ्यांसारखे सुळे लोंबत होते. बांधामागे पाणी तुंबे, ते छपराच्या फटींतून शिरे आणि नेमके हार्लन यांच्या कपाळी पडे. बाईंनी प्रथम लांब दांड्याचे फावडे चालविले, तो ओढलेला बर्फ त्यांच्याच कॉलरीत उतरला. मग भट्टीस हुकूम दिला की घर तापवावे, शत्रू आपोआप वितळेल. भट्टीने इमानाने हुकूम पाळला आणि सकाळी पाहतात तो बांध दुप्पट. मग बाईंनी आपले जुने लांब मोजे बाहेर काढले, त्यांत बर्फ वितळवायचे मीठ ठासले, गाठी मारल्या आणि शिडीवर चढून तोफगोळ्यांसारखे फेकू लागल्या. पहिला मोजा तारेवर अडकला, दुसरा भूर्ज झाडाने गिळला आणि लग्नातला रेशमी मोजा तेवढा बांधावर जाऊन पडला, पाय लोंबकळत.

ते समयी समोरचा शेजारी वेंडेल दारात आला.

"आउने, धुणं वाळत घातलंस का?"

"हो. तुझी चड्डी दे, तीही वाळत घालते."

ऐसे बोलून बाई शिडीवर वळल्या आणि वेंडेलच्या छपरावर नजर खिळली. त्यावर बर्फाची जाड गादी होती आणि वळचणीला एकही सुळा नव्हता. मग आपले छप्पर पाहिले, तो मध्यभागी टक्कल. तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वरचा बर्फ आपल्याच उबेने वितळतो, ते पाणी घरंगळत थंड वळचणीला येते आणि तेथे गोठून बांध होतो. म्हणजे शत्रूस रसद आपल्याच कोठारातून जात होती आणि भट्टी तापवून आपण ती दुप्पट केली. रसद जाते तर दरवाजा उघडणारा कोणी घरभेद्या असला पाहिजे.

बाई तडक वरच्या मजल्यावर गेल्या. कोटांच्या रांगेआड माळ्याचे दार होते आणि ते हॉकीच्या काठीने उघडे टेकविले होते. ऊब जिन्यावरून खुशाल वर चालली होती. माळ्यावर टिल्डाचा लाल हातमोजा, त्यात शेंगदाणे आणि शेजारी एक खार, जी आउनेबाईंकडे भाडेकरूने मालकिणीकडे पाहावे तैसे पाहत होती.

पाठीमागे शाळेचे दप्तर धपकन पडले.

"तिला थंडी वाजते, आजी," टिल्डा म्हणाली. "म्हणून दार उघडं ठेवते. सगळी ऊब आपणच घ्यायची?"

"आणि बाबाच्या कपाळावर पडतं ते पाणी कुठून येतं, ठाऊक आहे?"

बाईंनी पायरीवर बसून पाण्याचा सगळा प्रवास बोटाने हवेत काढून दाखविला. टिल्डाचे डोळे बोटामागे वरून खाली आले आणि तेथेच थांबले.

"मग आम्ही माझ्यामुळे विस्कॉन्सिनला जाणार?"

आउनेबाईंनी तिचे दप्तर उचलून पायरीवर आपल्याशेजारी ठेवले. मग त्यांनी न्याय केला तो येणेप्रमाणे. दार आजपासून बंद. खार विनापरवाना पोटभाडेकरू ठरली, तरी भर हिवाळ्यात हे घर कोणास बाहेर काढीत नाही, म्हणून सरोवर मोकळे होईतो मुक्काम मंजूर. तिचा कोट तिच्या अंगावर आहे, उबेची रसद बंद.

दार लावले तैसा छपरावर नवा बर्फ टिकू लागला, रेशमी मोज्यातल्या मिठाने बांधाला वाट पाडली आणि गळती थांबली. हार्लन कॉफीस आले आणि म्हणाले, "वाईट नाही." त्या मुलखी याहून मोठा विजयघोष नाही. पुलापलीकडच्या जागेचे नाव पुन्हा निघाले नाही. येणेप्रमाणे डुलुथ मुक्कामी शत्रू जेर जाहला, फत्ते आउनेबाईंची, ही नोंद पक्की.

आणि ज्या दिवशी दार लागले, त्या दिवशी टिल्डाने काय केले? उरलेल्यांतला एक मोजा मागून घेतला, त्यात लोकर ठासली आणि तो माळ्यावर खारीजवळ ठेवला. मग खाली उतरून हॉकीची काठी स्वतः काढली, दार स्वतः लावले आणि आतल्या खारीसाठी त्या दारावर हलकेच टकटक केली.