बावीस पाय शॉर्ट

रविवारी सकाळी नेरूळच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर नंदकुमारने अकरा मेलेल्या फुलपाखरांचे पाय मोजले. चव्वेचाळीस भरले. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजले. चव्वेचाळीसच.

"अरुणा, जरा इकडे ये. घाबरू नकोस."

पंधरा वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकून अरुणा घाबरली नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

फुलपाखरांची काचेची पेटी तिच्या कॉलेजची होती. प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये ती तीन वर्षं टेंपररी सहायक होती. सोमवारी विद्यापीठाची कमिटी येणार होती, आणि ती सुखरूप परत गेली की विभागप्रमुख टिल्लू सर तिच्या कन्फर्मेशनच्या कागदावर सही करणार होते. लॅबला रंग लागत होता, म्हणून सरांनीच पेटी तिच्या हातात दिली होती. "घरी न्या, पुसून आणा. तशी वस्तू बाहेर न्यायची नसते, तेव्हा बोलू नका कुठे. आणि इथे सही करा, पेटी सुस्थितीत मिळाली म्हणून." अरुणाने पेटी न उघडता सही केली. सरांनीही पेटी न उघडताच दिली होती, पण त्यांची सही कुठेच नव्हती.

नंदकुमार महाप्याच्या एका कारखान्यात आलेला माल तपासायला होता. दिवसभर खोट शोधून तो दमायचा आणि घरी येऊन आराम म्हणून पुन्हा खोट शोधायचा. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा एक वेढा कमी पडला, तरी त्याला ते कळायचं.

"कीटकाला पाय किती असतात गं, सई?" त्याने मुलीला विचारलं.

"सहा. सातवीच्या पुस्तकात आहे, बाबा."

"अकरा सक सहासष्ट. हातात चव्वेचाळीस. बावीस शॉर्ट!"

अरुणा खुर्चीत बसली. "पडले असतील हो कुठे."

"एकाचे पडले असते तर पडले म्हटलं असतं. प्रत्येकाचे पुढचे दोनच कसे पडतील? कुणीतरी काढलेत. आणि सही कुणाची आहे?"

"माझी."

"बास. संपलं."

पुढचा दीड तास तिघांनी पाय शोधले. पिशवी उलटी केली, चादर झटकली. स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा सई ओरडली, "आई, मुंग्या नेतात पाय!" तिघं गुडघ्यांवर रांगत रांगेमागे गेले आणि साखरेच्या डब्यापाशी पोचले. एरवी अरुणा मुंग्या बघून चिडली असती. आज तिला रडू आलं.

"सरांना फोन करून खरं सांगू का?"

"वेडी आहेस? फोन केलास म्हणजे कबूल केलंस."

"मग उद्या काय करू?"

नंदकुमार दाराकडे बघत होता. तिथे काथ्याचं पायपुसणं होतं. तपकिरी, बारीक, ताठ तंतू. त्याने कात्री मागितली.

"अहो, ती कॉलेजची वस्तू आहे!"

"म्हणूनच पूर्ण करून देतोय. टेन्शन घेऊ नकोस." मग त्याने भिंग लावलं आणि नाक मुरडलं. "ही बघ तुमच्या लॅबची ओल. सगळ्यांच्या छातीला बुरशीचे दोन-दोन झुबके. आधी ही घाण काढू."

त्याने चिमट्याने केसाळ झुबके एकेक करून उपटले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्या जागी डिंकाने काथ्याचे तुकडे बसवले. गुडघ्यापाशी वाकवलेसुद्धा. चारच्या सुमाराला सईने मोजले. सहासष्ट. नंदकुमारने बाराखडी शिकलेल्या पोरासारखं सगळ्यांकडे बघितलं. अरुणाला मात्र रात्रभर डोळा लागला नाही.

सोमवारी कमिटीतल्या बाई विभागात आल्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. बघणाऱ्याला वाटावं, काय त्रास देणार या! पेटी समोर आली आणि टिल्लू सरांना उत्साह आला.

"हे कलेक्शन माझं स्वतःचं, मॅडम. दर वर्षी मुलांना मीच दाखवतो. एकेक नमुना तोंडपाठ आहे."

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या.

"सर, या कुळाची मुख्य खूण कुठली?"

सरांना खूण आठवेना. त्यांनी पेटीत बघितलं. जे दिसलं ते मोजलं.

"सहा पाय, मॅडम. स्पष्ट दिसतायत."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "ही कुंचलपाद फुलपाखरं. कडव्या रुईवर वाढणारी आहेत, सुकल्या पानासारखी दिसणारी आहेत, डोळ्यांसारख्या ठिपक्यांची आहेत. रंग वेगळे, सवयी वेगळ्या, तरी सगळ्यांना एका कुळात का घालतात? कारण ती चार पायांवर उभी राहतात. पुढचे दोन आखूड असतात, केसाळ, कुंचल्यासारखे. छातीशी दुमडलेले. नवख्या माणसाला बुरशी वाटावी असे."

अरुणाने टेबलाची कड धरली. कचऱ्याची गाडी सकाळी साडेसातला येऊन गेली होती.

"तुमच्या एकाही नमुन्याला ते नाहीत, सर. त्याऐवजी हे आहे." बाईंनी चिमट्याने एक पाय उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "हा काथ्या आहे."

"मॅडम, ते मी..." अरुणाचा आवाज कसाबसा फुटला.

"तुम्ही थांबा!" सर एकदम ओरडले. त्यांचा चेहरा लॅबच्या नव्या चुन्याइतका पांढरा झाला होता. पेटी बाहेर पाठवली म्हणावं तर नियम मोडला. इथेच होती म्हणावं तर काथ्या आला कुठून? "जुनी... जुनी डागडुजी आहे, मॅडम. माझ्या हातची."

बाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं.

दुपारी सरांनी अरुणाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, आणि स्वतःच उठून खुर्ची पुढे केली. "पेटी तुमच्या घरी गेली होती, हे कुणाला माहीत आहे?"

"फक्त आमच्या घरच्यांना, सर."

"ते तसंच राहू दे. हा तुमचा कागद. सही केली आहे." तीन वर्षं या केबिनमध्ये अरुणा उभ्यानेच बोलत आली होती.

संध्याकाळी तिने कागद दाखवल्यावर नंदकुमारने तो दोनदा वाचला, सहीसुद्धा नीट तपासली.

"मोजले का गं त्यांनी?"

"मोजले."

"किती भरले?"

अरुणाने कागद त्याच्या हातातून काढून घेतला. "सहासष्ट," ती म्हणाली.

"बघ! मी म्हटलं होतं." तो खुर्चीत ऐसपैस मागे रेलला. "तुमच्या लॅबमध्ये अजून किती पेट्या आहेत? येत्या रविवारी मी स्वतःच येतो तिथे. सगळ्या एकदा नीट करून टाकू."

कागद हातात घट्ट धरूनही अरुणाला त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोठी भीती तेव्हा वाटली.