साहेब दार सोडत नाहीत

"रविवारच्या आत त्या कुत्र्याला आपलं दार विसरायला लावतो, नाही तर नाव लावणार नाही!" तपासनिसांनी चहाचा कप आपटून जाहीर केलं.

तपासनीस म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीभर दुकानदारांची खोटी मापं पकडली आणि निवृत्त झाल्यावर घरातल्यांची पकडायला लागले. चहात साखर जास्त, भाजीत मीठ कमी, भात गिचका! गेल्या वर्षी भरल्या ताटावर सुनेला म्हणाले, "आईनं काही शिकवलं की नाही?" सून उठली, मागोमाग मुलगा उठला, आणि नातीला घेऊन जे गेले ते फिरकलेच नाहीत. वर्षभर फोनवर रडूनभेकून बायकोनं त्यांना या रविवारी जेवायला यायला राजी केलं होतं.

"दारात वास मारतोय हो," ती काकुळतीनं म्हणाली. "पोरं उंबऱ्यातूनच परत जातील. त्या कुत्र्याचं काहीतरी करा!"

कुत्रा शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा. नाव साहेब, अंगानं वासराएवढा. रोज सकाळी फाटकातून शिरायचा, तपासनिसांच्या चौकटीशी पाय वर करायचा आणि मस्टरवर सही केल्यासारखा निघून जायचा. तपासनीस आधी रीतसर डॉक्टरांकडे गेले.

"तुमच्या साहेबाला आवरा!"

"अहो, मुकं जनावर ते! त्याला काय कळतंय?" डॉक्टर हसत म्हणाले. "तुम्ही तरी समजून घ्या!"

तपासनिसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चौकटीशी मिरपूड टाकली. साहेब एकदा शिंकला, तपासनीस दिवसभर! मग व्हिनेगर शिंपडलं. बायकोचं डोकं दुखायला लागलं आणि साहेबानं व्हिनेगरवरच सही ठोकली. शेवटी औषधाच्या दुकानदारानं तोडगा सांगितला, "कुत्रा जेवतो तिथे घाण करत नाही. दारातच खायला घाला की!"

तपासनिसांनी कपाटात पडून असलेली एक छोटी थाळी काढली आणि दाराशी मांडली. दूधभात, उकडलेलं अंडं, कधी मटणाचा तुकडा. आणि काय सांगावं! साहेबाचा पाय खालीच राहिला! चौकट कोरडी ठणठणीत! तपासनीस गल्लीभर मिशीला पीळ देत हिंडले.

पण साहेब जेवून उठेचना. दार आपलंच म्हणून तिथेच पसरला. पेपरवाल्यावर गुरगुरला, दूधवाल्याची पँट फाडली. डॉक्टर साखळी घेऊन आले, तर खुद्द त्यांच्यावर दात विचकले. आता बोला!

"फितवलात माझा कुत्रा!" डॉक्टर फाटकाबाहेरून ओरडले. "आता तुम्हीच सांभाळा!"

शनिवारी बायको म्हणाली, "उद्या त्याला मागे बांधा हो. नात घाबरते कुत्र्याला."

"माझ्या शब्दाबाहेर नाही तो. तू भाताकडे बघ. गिचका नको!"

रविवारी गाडी थांबली. नात "आजी!" करत फाटकातून धावली आणि साहेब उठला. काय तो आवाज! घरातली भांडी वाजली. पोर किंचाळली. सुनेनं तिला उचलून घट्ट धरलं, मुलगा आडवा उभा राहिला.

"साहेब, बस! बस म्हणतो ना!" तपासनीस ओरडले. मालकाचा आवाज चढलेला ऐकून साहेबाला आणखीच चेव आला.

"कुत्रा कधी पाळलात?" मुलानं विचारलं.

"पाळला नाही रे! शेजाऱ्यांचा आहे!"

"शेजाऱ्यांचा?" मुलगा खाली बघत होता. दाराशी चाटूनपुसून ठेवलेल्या थाळीत सशाचं चित्र होतं. नात या घरात असताना त्याच थाळीत जेवायची. "आम्ही नको होतो, तर फोनवर सांगायचं होतं, बाबा."

"अरे, तुम्ही यावं म्हणूनच तर त्याला..."

पुढचं भुंकण्यात बुडालं. बायको दारापर्यंत आली, पण साहेबाला ओलांडून बाहेर पडेपर्यंत गाडी वळली होती. ती फाटकाला धरून रडली.

सोमवारी सकाळी सकाळी डॉक्टर फाटकाशी हजर!

"तुमच्या कुत्र्यानं माझ्या दारात घाण केली! आवरा त्याला!"

"मुकं जनावर..." एवढं तपासनिसांच्या तोंडून निघालं आणि ते आत वळले.

आत बायकोनं कालच्या जेवणाची पातेली काढली होती. सुनेसाठी राखलेलं सगळं तिनं सशाच्या थाळीत वाढलं आणि साहेबापुढे सरकवलं.

"एवढं चांगलं जेवण कुत्र्याला?" तपासनीस म्हणाले.

"घालू द्या," ती म्हणाली. "तो जेवतो तिथे घाण करत नाही."

मग तिनं नवऱ्याचं ताट वाढलं. तपासनिसांनी पहिला घास घेतला. भाजीत मीठच नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं सगळं ताट संपवलं.