साखरबाईंचा तपास

सून जयवंताला फेफऱ्याचा झटका नेमका कशानं येतो, हे शोधून काढायचं साखरबाईंनी मनावर घेतलं. तिला काटेवाडीच्या बालवाडीत शिकवायला घेणार होते, पण आधी झटके थांबायला हवे होते. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "झटका आला, की त्याआधी काय घडलं ते वहीत लिहा."

साखरबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या सांगत, मुलगा इंद्रजित लिहून घेई.

"लिही, शेजारची रंगूबाई दारात हुबी हुती."

"आये, ती ताक मागाया आलती."

"मग ताकबी लिही."

दुसऱ्या झटक्यानंतर वहीत रेडिओ, शिंकणारी म्हैस आणि भिगवणच्या मासळीचा वास आला. रेडिओ बंद झाला, रंगूबाईचं ताक बंद झालं, मासळीवाल्याला वेशीवरूनच परत धाडलं. तरी तिसरा झटका आलाच. साखरबाईंना काळजी तर होतीच, पण आता त्यांची उत्सुकताही शिगेला पोचली.

तिघंही बारामतीला गेली. डॉक्टरांनी म्हशीपर्यंत वाचून हसू दाबलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखा पाहिल्या. तिन्ही दिवशी संकष्टी होती.

"त्या दिवशी गोळी घेता ना?" त्यांनी जयवंताला विचारलं.

"न्हाय. उपास असतो. पाणीबी प्यायचं न्हाय, मग गोळी कशी गिळायची?"

"गोळी चुकली, उपाशी राहिलं, झोप मोडली, ताप आला, की झटका येऊ शकतो. असा उपास धरायला सांगितलं कुणी?"

इंद्रजित छताकडे बघू लागला.

"म्याच," साखरबाई म्हणाल्या. "झटकं जावंत म्हणून." त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या संकष्टीला सकाळीच जयवंतानं भाकरी खाल्ली आणि गोळी घेतली. रंगूबाईनं ते बघून नाक मुरडलं. उपास मोडू नगं, असं सुनेला म्हणायचं साखरबाईंच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. चंद्र उगवला, जेवणं झाली, जयवंता धडधाकट होती.

महिनाभर काही झालं नाही. जयवंता बालवाडीत रुजू झाली त्या दिवशी साखरबाईंनी वही मागवली.

"लिही, झटका आला न्हाय."

"त्येच्याआधी काय घडलं, आये?"

साखरबाईंनी जरा विचार केला.

"लिही, सासू गप बसली."